तो गाडीचा अपघात नव्हता

मकरंद,

'प्रिय' लिहायला गेले होते, पण हात थांबला. ते तुझं तू समजून घे.

काल आईंना विमानात बसवून आले. महिनाभर तुझी आई इथे होती, आणि महिनाभर मी तुझ्यावर चिडूसुद्धा शकले नाही. आज ईरा शाळेत गेलीय, घरात कोणी नाही. आता बोलते.

वर्ष झालं. वर्षभर सगळे माझ्यापाशी तुझ्याबद्दल चांगलंच बोलतात. किती शांत होता, किती हसतमुख होता! गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नसतं म्हणे. मग मागे राहिलेल्या बाईने कुणाशी भांडायचं? म्हणून तुलाच लिहितेय.

कसं सुरू झालं सगळं? तुमच्या ब्रेक टेस्टिंगमधला डेल रिटायर झाला आणि त्याने तुला एकदा तिरंदाजीच्या रेंजवर नेलं. घरी आलास तो डोळे चमकवत. "अशू, मी बो घेतोय." मला वाटलं, घे बाबा, बाकीचे गोल्फ खेळतात, तू हे खेळ. एक वर्ष फोमच्या हरणावर बाण मारत होतास. दुसऱ्या वर्षी डेलच्या घरामागच्या जंगलात खऱ्या हरणामागे जायला लागलास. सांगलीच्या ज्या घरात अंडं येत नाही, त्या घरातला तू!

आणि मग घरातले नियम. ऑक्टोबर लागला की शुक्रवारी रात्री फोडणी नाही. "हिंगाचा वास कपड्यांना लागतो गं, हरणाला लांबून कळतं." बिनवासाचा साबण, बिनवासाची पावडर, कपडे गॅरेजमध्ये डबाबंद. मी शुक्रवारी पोळी आणि दही खाल्लंय तुझ्या हरणांपायी. माझ्या स्वयंपाकाचा वास येऊ नये म्हणून एवढी धडपड करणारा नवरा! हसू नकोस. तेव्हा मी हसत होते, आता येत नाही हसू.

एकदा विचारलं होतं मी, "काय मिळतं रे तुला तिथे? सहा-सहा तास झाडावर बसून?"

"तिथे मला कोणी काही विचारत नाही," तू म्हणालास.

किती सहज म्हणालास! घरात तुला काय विचारत होतो आम्ही? दूध आणशील का, ईराला सोडशील का, आईला फोन केलास का. एवढंच ना? त्याचाही जाच होता तुला?

पहिलं हरीण मारलंस तेव्हा मात्र गॅरेजमध्ये बराच वेळ नुसता बसून होतास. मी कॉफी घेऊन आले तर म्हणालास, "मान वळवून बघितलं त्याने." दोन दिवस धड जेवला नाहीस. मला वाटलं, सुटलो. तिसऱ्या दिवशी म्हणालास, "मारलंय तर खायला पाहिजे, वाया घालवणं पाप." पाप-पुण्याचा तुझा हिशेब मला कधी कळलाच नाही. मी शिजवलं. तुझ्या आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला घालून शिजवलं, कारण घरात दुसरा मसाला नव्हता. ईराने दोनदा वाढून घेतलं.

आणि आईंना यातलं काही माहीत नाही! शनिवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला की पानापानांचं डिझाइन असलेलं जॅकेट काढून मागच्या सीटवर टाकायचास, गाडीत बसून सांगायचास, "ग्रोसरीला आलोय गं." मी म्हटलं होतं, सांगून टाक, फार तर चार दिवस बोलणार नाहीत. तू म्हणालास, "सांगतो ना. घाई काय आहे?"

घाई काय आहे! खरंच, काय घाई होती?

त्या शनिवारी ईराचं व्हायोलिन होतं. शाळेच्या ऑर्केस्ट्रात पहिल्यांदा एकटीने वाजवणार होती. "एक वाजता घरी," तू तिला म्हणालास, तिच्या डोक्यावर हात ठेवून. बारा वाजता तुझा मेसेज आला, 'मोठा नर फिरतोय. अर्धा तास जास्त.' मी उत्तर दिलं नाही. देण्यासारखं काय होतं? ईरा स्टेजवर गेली तेव्हा तिने आधी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि मग व्हायोलिन खांद्याला लावलं. छान वाजवलं तिने. तू ऐकलं नाहीस.

डेलला तू चारच्या सुमाराला सापडलास. मचाणाच्या शिडीखाली, पानांवर. धनुष्य वर हुकाला तसंच अडकवलेलं. म्हणजे नेमही धरला नव्हतास. उभा राहिला असशील, पाय आखडले असतील, बस्स. आणि पट्टा? झाडाला बांधून घ्यायचा पट्टा कुठे होता, मकरंद? तुझ्या गाडीत. मागच्या सीटवर. मी किती वेळा विचारलं होतं? "अगं, पंधरा फूट तर आहे." आयुष्यभर गाड्यांचे ब्रेक तपासलेस तू! दुसऱ्यांचे जीव वाचावेत म्हणून नोकरी केलीस, आणि स्वतःच्या कमरेला एक पट्टा लावायचा कंटाळा!

मी मिलिंददादांना फोन केला. पुण्यात पहाट होती. तुझा भाऊ आधी रडला आणि मग लगेच मोठ्या भावासारखा बोलायला लागला. "अश्विनी, आईला गाडीचा अपघात सांगू. शिकारीचं कळलं तर ती दुसऱ्यांदा मरेल." मी हो म्हटलं की नाही, आठवत नाही. तासाभरात त्यांनी आईंना सांगूनही टाकलं होतं.

इथे आमच्या नोव्हाय गावात मात्र सगळ्यांना खरं माहीत होतं. डबे घेऊन यायचे सगळे. किचनमध्ये भांडी घासता घासता एक काकू दुसरीला म्हणाली, "हे असले शौक कशाला हवेत आपल्या लोकांना?" मी दाराशीच होते. मला राग आला, तिचा नाही. ती जे बोलली ते मला बोलायचं होतं आणि नवरा गेलेल्या बाईला ते बोलता येत नाही, याचा.

वर्षश्राद्धाला आई आल्या. एकट्या, गुडघे दुखत असताना, व्हीलचेअरवर बसून. देवळातल्या गुरुजींनी सगळं नीट केलं. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाल्या, "अश्विनी, मला ती जागा दाखव. रस्त्यावरची. तिथे पाणी सोडायचंय."

मी बाथरूममध्ये जाऊन दादांना फोन लावला. ते म्हणाले, "कुठलंही वळण दाखव अश्विनी, तिला काय कळतंय?"

कुठलंही वळण! मी खरंच निघाले रे. ईराला मैत्रिणीकडे सोडलं आणि आईंना गाडीत घालून पश्चिमेकडे निघाले. मांडीवर छोटा तांब्या घेऊन त्या बसल्या होत्या. प्रत्येक वळणाला मी मनात म्हणत होते, इथे म्हणू का? इथे? मक्याची कापलेली शेतं आली. एका ठिकाणी रस्त्याला कठडा होता, मी गाडी बाजूला घेतली.

आई उतरल्या. वारा असा बोचरा की शाल धरवत नव्हती. कठड्याला हात लावून म्हणाल्या, "इथे? कुठल्या बाजूने येत होता? घरी येत होता का?"

'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं सगळं. पण तू त्यांना गाडीत बसून खोटं सांगितलंस, दादांनी फोनवर सांगितलं, आणि आता मी या रस्त्यावर हात करून सांगायचं? तुझ्यासाठी? तुझा एवढा पुळका नव्हता मला त्या दिवशी.

"आई, इथे नाही," मी म्हटलं. "कुठल्याच रस्त्यावर नाही."

ट्रक जात होते. मला मोठ्याने बोलावं लागत होतं, त्यामुळे रडताही येत नव्हतं. सगळं सांगितलं. धनुष्य, डेल, झाड, पट्टा.

त्यांनी कठड्यावरचा हात काढून घेतला. मग विचारलं, "मारलं का त्याने कधी?"

"त्या दिवशी नाही. आधी दोन."

"खाल्लं?"

"हो."

"तू शिजवलंस?"

"हो."

"माझा मसाला घातलास?"

बघ, मकरंद! झाडावर तू चढलास, हरीण तू मारलंस, पट्टा तू बांधला नाहीस, आणि त्या रस्त्यावर उभी राहून जाब कोण देत होतं? "हो," मी म्हटलं. त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, आता घरी चल म्हणतील.

"त्या झाडापाशी ने," म्हणाल्या.

डेल अंगणात लाकडं रचत होता. आम्हाला बघून त्याने टोपी काढली. वर्षभरात म्हातारा झालाय रे तो. त्याने मचाण केव्हाच उतरवलंय, आणि या वर्षी तो स्वतः जंगलात गेलेला नाही. आईंचा हात धरून त्याने त्यांना शेताच्या कडेने हळूहळू नेलं. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण खड्डा आला की तो थांबायचा आणि त्याही थांबायच्या. ओकचं झाड. खोडावर मचाणाच्या पट्ट्याचा वळ अजून दिसतो.

आईंनी वर बघितलं, खाली बघितलं. मग मला म्हणाल्या, "याला विचार, तो लगेच गेला का?"

हा प्रश्न मी वर्षभर कुणाला विचारला नव्हता. डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली होती तेव्हा मी उठून गेले होते. विचारायची हिंमत नव्हती म्हणून नाही. मला माहीतच करून घ्यायचं नव्हतं. आणि तुझ्या आईने मला दुभाषी केलं!

मी विचारलं. डेलने माझ्याकडे बघितलं, 'खरं सांगू का?' असं. मी मान हलवली. तो म्हणाला, शिडीपासून पाच-सहा हात पानं बाजूला सरकलेली होती. तू वाटेच्या दिशेने सरकत गेला होतास. फोन मागेच पडला होता.

आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. डेलचं वाक्य माझ्या कानात इंग्रजीत होतं आणि मला ते मराठीत आणायचं होतं. 'लगेच गेला' हे दोन शब्द. किती सोपे होते!

"लगेच नाही गेला, आई," मी म्हटलं. "काही वेळ होता. रस्त्याकडे यायचा प्रयत्न करत होता."

त्या खाली बसल्या. गुडघे वाकत नाहीत त्यांचे, तरी बसल्या, त्या ओल्या पानांत. ओरडल्या नाहीत. तुझं लहानपणीचं नाव घेऊन म्हणाल्या, "मकू, सांगायचं होतंस रे मला. मी रागावले असते. एवढंच ना?" तांब्यातलं पाणी त्यांनी हळूहळू सोडलं. डेल टोपी हातात धरून पाठमोरा उभा होता, त्याचे खांदे हलत होते. मी तेवढी कोरडी उभी होते. मला एकच दिसत होतं. तू त्या पानांत सरकतोयस, आणि मी शाळेच्या हॉलमध्ये तुझ्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवून तुला शिव्या देतेय.

याबद्दल तुला कधी माफ करू? मला हे दिल्याबद्दल?

नंतर पंधरा दिवस आई माझ्याशी कामापुरतं बोलल्या. घरातला मसाल्याचा डबा त्यांनी घासून उलटा घातला. माझ्यावरच राग, आणि का नसेल? राग काढायला तू कुठे आहेस? पण एका संध्याकाळी ईराला शेजारी बसवून म्हणाल्या, "वाजव बघू, त्या दिवशी वाजवलं होतंस ते." ईराने वाजवलं. आईंनी डोळे मिटून सगळं ऐकलं. संपल्यावर ईरा म्हणाली, "आजी, बाबा वॉज सपोज्ड टू कम." आई म्हणाल्या, "हो. चुकलं त्याचं." बस्स, एवढंच. वर्षभरात तुझं चुकलं असं मोठ्याने म्हणणारी ती पहिली बाई. तुझीच आई.

मला वाटलं, आता आम्ही दोघी एका बाजूला आलो.

काल विमानतळावर व्हीलचेअर ढकलणारा मुलगा आला, तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, "सांगलीत मी गाडीचाच अपघात सांगणार आहे. मिलिंदलाही सांगू नकोस मला कळलंय म्हणून. तूही तेच सांग." आणि गेल्या.

काय माणसं आहात तुम्ही! तू आईपासून लपवलंस, भावाने आईपासून लपवलं, आणि आता आई भावापासून लपवणार. सगळे एकमेकांना जपताय, आणि मी मध्ये उभी! मला कोण जपणार?

तर ऐक. तुझ्या आईला मी अडवणार नाही. त्यांच्या गावात त्यांना जसं जगायचंय तसं जगू देत. पण माझं मी तुला वचन देते. यापुढे तुझ्यासाठी मी एकही खोटं बोलणार नाही. ईराला मोठी झाल्यावर सगळं सांगेन, पानं सरकलेली होती तेही सांगेन. कुणी विचारलं, कसे गेले हो तुमचे मिस्टर? तर सांगेन, झाडावरून पडला, पट्टा बांधला नव्हता. तू चांगला होतास हेही सांगेन, कारण तेही खरं आहे.

आणि तुला माफ केलं, असं मात्र आज लिहीत नाही. लिहिलं तर ते खोटं होईल.

तुझी,
अश्विनी