मोरीपर्यंत सात पावलं

४ ऑक्टोबर १९८६
वही, माफ कर. आठ दिवस तुला हात लावला नाही. बायकोला, वनमालेला, घाटकोपरहून इस्पितळात न्यायचं होतं. हिच्या एम.एस.ला, हातपाय लुळे पाडणाऱ्या त्या नसांच्या दुखण्याला, औषध नाही, पण माप आहे म्हणे! शून्य ते दहा. दहा म्हणजे माणूस गेलं.

डॉक्टरला मिसरूड आत्ता फुटतंय. विचारतो काय, "आजी किती चालतात?" अरे, उचलून आणली तुझ्यासमोर! "धावत आली" म्हणणार होतो, हिने डोळे वटारले.

माप आलं साडेआठ. चैत्रातही साडेआठच. "बदल नाही, चांगलं आहे." चांगलं! चैत्रात ही मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडायची. आता चमचा तोंडाशी जाईतो रिकामा होतो. ते त्याच्या कागदात बसत नाही. मिलमध्ये तीस वर्षं कापड मोजलं मी. असला गज वापरला असता तर मुकादमाने हाकललं असतं.

७ ऑक्टोबर
खाटेपासून मोरी सात पावलं. उचलून नेताना ही पुटपुटते — "एक... दोन..." विचारलं तर म्हणे, "देवाचं नाव घेते." देवाचं नाव एक-दोन कधीपासून झालं?

८ ऑक्टोबर
उकाडा फार. मोरीशी जरा टेकलो.

११ ऑक्टोबर
आज "तीन" म्हणाली.
"काय तीन?"
"काही नाही. चला, पडेन मी."
डोक्यावर परिणाम झालाय बहुतेक. डॉक्टर, हेही मोज!
छातीत जळजळ. कालचा वडा नडला.

१८ ऑक्टोबर
परत बोलावलं. का, तर दुसऱ्या डॉक्टरने तोच कागद भरायचा, दोघांचं जुळतं का बघायला. जुळलं — साडेआठ! दोघे खूश. मी मोठ्याने हसलो.

तर ही म्हणते, "माझं राहू द्या हो. ह्यांचं मोजा. गणपतीत मला एका दमात मोरीत न्यायचे. मग एकदा थांबायला लागले, मग दोनदा. आता सात पावलांत तीनदा थांबतात. काल भिंत धरली."

मिसरूडवाल्याने कागद बाजूला ठेवला. "आजोबा, शर्ट काढा."

२० ऑक्टोबर
बडोद्याला नीलाला कार्ड टाकलं. लग्न झाल्यापासून पोरीकडे काही मागितलं नाही.
"आई आहे तशीच. माझ्याने आता तिला उचलवत नाही. तू येतेस का, लवकर कळव."