पाहुण्याच्या ताटात तरोटा

आरमोरी

तीर्थरूप लटारूभाऊजींना मुखरूचा नमस्कार. भागीरथाबाईचा गुडघा आता कसा आहे? आलापल्लीला पाऊस लागला असेल. इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहितो.

तुम्ही आमच्या आचलसाठी स्थळ म्हणून सुचवलेला अमर चंद्रपूरच्या ज्या मोठ्या हॉटेलात आचारी आहे, तिथेच त्याने आम्हा बापलेकीला जेवायला बोलावलं. हॉटेल म्हणजे पनीर, गुलाबजाम, निदान कोंबडी, या हिशेबाने मी सकाळपासून उपाशी (बसमध्ये शेजारच्याने भजी पुढे केली, तीही नाकारली). पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस परातीएवढं ताट घेऊन आला आणि त्यात मधोमध चिमूटभर तरोट्याची भाजी. होय भाऊजी, उकिरड्यावर उगवतो तोच. शेजारी बाळाला गुटी पाजायच्या वाटीत लाखोळीची डाळ, आणि बिनमुंडक्याची एक मासोळी (मुंडकं कोणी खाल्लं ते विचारायचं राहून गेलं). मोजेवाला म्हणाला, सगळं इथल्याच मातीतलं आहे. ते मला दिसत होतं.

आपल्याकडे होणाऱ्या सोयऱ्याला वडे-मटण वाढतात. तरोटा वाढला तर त्याचा अर्थ एकच, उठा. लहानपणी धानाच्या रोवणीच्या दिवसांत घरात दाणा नसायचा, तेव्हा भागीरथाबाई आणि मी, आम्ही बहीणभाऊ हीच भाजी नुसत्या मिठाशी खाऊन झोपायचो. तीच भाजी तिथे समोर आली आणि मला तो फार मोठा अपमान वाटला. त्यात अमर हसत आला. "मामाजी, म्या सोता रांधलं हे. मोठमोठे सायब लोक याच्यासाठीच येऊन राह्यले इथी."

मी म्हटलं, "सायबाले खाऊ घाल. आमी हेच खाऊन मोठे झालो. पोरगी नाई द्यायची तुले."

आणि उठलो. बसस्टँडवर समोसा घेतला, तोही शिळा निघाला. तेव्हा हे स्थळ मोडलं समजावं आणि पुन्हा आचाऱ्याचं स्थळ सुचवू नये.

आपला,
मुखरू

ता. क. आचलने तिथलं ताट पुसून खाल्लं होतं. त्या दिवसापासून ती घरात रोज तरोटाच रांधते. बोलत नाही, नुसती वाढते.

आणखी ता. क. तुम्ही चंद्रपूरला जाऊन अमरची समजूत घाला. मी पाठवलं असं सांगू नका. काल मी भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली. तिने वाढली, पण अजून बोलली नाही.