चिखलात पाठ केलेले शब्द

गुरुजी, तुमच्या नावाआधी मी काही लावत नाही. जे लावायचं ते, ‘कैलासवासी’पासून सगळं, तुमच्या मुलाने परवा शाळेच्या नव्या खोलीवर दगडी पाटीत कोरून लावलं आहे. त्या पाटीखाली मी माईक धरून उभा होतो. तिथे जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहितो आहे. दार आतून लावलं आहे. दोनदा उठून पाहिलं.

धान रोवण्याच्या दिवसांत तुमचा इंग्रजीचा वर्ग तुमच्याच बांधीत, पाणी भरलेल्या शेतात भरायचा. आम्ही पोरं चिखलात ओळीने वाकलेली, डाव्या हातात धानाच्या रोपांची जुडी. तुम्ही धुऱ्यावर, शेताच्या उंच कडेला, छत्रीखाली, कोरड्या पायांनी. तुम्ही ओरडता, "मास्टर!" आम्ही चिखलात रोप खोवतो आणि ओरडतो, "लॉर्ड!" एक पाऊल मागे. "ओनर!" आणखी एक पाऊल मागे. मग रूलर, चीफ, हेड, कमांडर. हुकूम चालवणाऱ्या माणसाला इंग्रजीत इतकी नावं असतात हे मी कंबर मोडून शिकलो. शब्द अडला की हात अडतो, हात अडला की तुमची काडी पाठीवर येते. शेजारच्या बांधीत माझी आई रोवत असायची. आपला पोरगा इंग्रजी बोलतो म्हणून ती बाकीच्या बायांना दाखवायची.

मग शाळा तपासायला साहेब आले. तुम्ही मलाच उभं केलंत, कारण शब्द मलाच पक्के येत होते. साहेबांनी विचारलं, "मास्टरला दुसरे शब्द सांग." मी ताठ उभा, आणि तोंडातून एकही शब्द निघेना. मग मला एकच सुचलं. मी वाकलो, हवेत रोप खोवलं आणि म्हणालो, "लॉर्ड." एक पाऊल मागे सरलो. "ओनर." असं करत करत मागच्या भिंतीला टेकलो. एकही शब्द चुकला नाही.

साहेब हसत होते. "हे काय करून राहिला रे?"

"रोवणा करून राहिलो जी."

"कोणाचा रोवणा?"

"गुरुजींचा जी."

साहेबांचं हसणं थांबलं. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ते पाहणं मला अजून दिसतं.

तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतं तर मी विसरलो असतो. संध्याकाळी तुम्ही आमच्या अंगणात आलात, खाटेवर बसलात, माझ्या आईच्या हातचा चहा प्यालात आणि बाबांना म्हणालात, "याच्या डोक्यात शिक्षण नाही शिरत. उगाच शाळेत धाडून राहिले तुम्ही. बैलामागं लावा, तिथं बरा राहील." बाबांनी हात जोडले. "तुमी म्हणान तसं, गुरुजी." एवढंच. दुसऱ्या दिवशी माझं दप्तर घराच्या आढ्याला टांगलेलं होतं आणि माझ्या हातात कासरा होता.

त्यानंतर मी आयुष्यभर इंग्रजी पाटीपुढे घाबरलो. बँकेत, दवाखान्यात, बसस्टँडवर, कुठेही. नातीला एकदा तुमचे शब्द म्हणून दाखवले, तर ती मोबाइल पाहून म्हणाली, "आबाजी, हे तर थोडेच आहेत. बॉस, सुपीरियर, एक्सपर्ट, अजून किती तरी आहेत." खरं सांगतो, मला बरं वाटलं. तुम्ही शिकवत होतात ते तुम्हालाही पुरतं येत नव्हतं, आणि आता ते शिकायला तुम्ही उरला नाहीत.

तुमचा मुलगा लाखनीहून गाडी घेऊन घरी आला. "काका, बाबांचे सगळ्यात जुने विद्यार्थी तुमीच. नव्या खोलीच्या कार्यक्रमात दोन शब्द बोला ना." मी म्हटलं, "बोलतो." बायकोने ओळखलं. "मेलेल्या माणसासंग काय भांडता जी?" मी म्हटलं, "जिता होता तवा हिंमत नाही झाली."

लाखांदूरहून भोंगे आणले होते. सारं गाव बसलेलं होतं. मी बांधी सांगितली, काडी सांगितली, छत्री सांगितली. साहेबांपुढे कसा वाकलो ते करूनही दाखवलं, या कमरेने. वाटलं, आता लोक तुमच्या फोटोकडे पाहतील आणि खाली माना घालतील.

लोक हसले, गुरुजी. पोट धरून हसले. मग टाळ्या. मागून कोणी ओरडलं, "वा रे गुरुजी! शेतात बी इंग्रजी शिकवली!" तुमच्या मुलाने डोळे पुसले आणि मला मिठी मारली. सरपंच म्हणाले, असे शिक्षक आता कुठे राहिले.

अंगणातला तुमचा तो चहा अजून सांगायचा होता. त्यासाठीच तर मी तिथे गेलो होतो. वाक्य तोंडाशी होतं, माईक हातात होता, कोणी अडवत नव्हतं. मी खाली बसलो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, वेळ संपली. ते खोटं आहे. टाळ्या माझ्यासाठी होत्या. एवढ्या लोकांनी माझ्यासाठी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि त्या थांबाव्या असं मला वाटलं नाही.