उंदराच्या पिंजऱ्याची स्प्रिंग

प्रिय श्रेया,

प्रिय आहेसच, पण आज आधी ऐकून घे. गाडी विकायचं तू ठरवलंस, माहीमच्या त्या अनिशला शब्द दिलास, आणि मला काय, तर फोनवर एक ओळ. आई, एक मुलगा येईल, त्याला चावी दे, तिथे पडून गंजण्यापेक्षा बरं. चावी दे म्हणजे? मी काय पार्किंगवाली आहे? भंगारातली ती मोटरसायकल तू आपल्या चाळीच्या जिन्याखाली बांधलीस. माझ्या चाळणीत नटबोल्ट धुतलेस, कणकेच्या परातीत चेन रॉकेलमध्ये भिजत घातलीस, अजून त्या परातीत मी पीठ मळत नाही. तेव्हा सगळं माझं चाललं, आणि विकताना मी कोणीच नाही. हे फोनवर बोलायला गेलं की तू मीटिंगमध्ये. म्हणून लिहिते. अक्षर लावून लावून वाच.

अनिश गेल्या रविवारी येऊन गेला. मुलगा वाईट नाही, चप्पल बाहेर काढून आला. गाडीवर बसला, ब्रेक दाबला आणि म्हणाला, काकू, जरा मागे बघा, दिवा लागतो का. कुठला लागायला. तू गाडी साफ दिसावी म्हणून ब्रेकच्या दिव्याचा स्विच बसवायची पट्टीच ग्राइंडरने उडवून टाकलीस. मी तेव्हा विचारलं होतं, तर म्हणालीस, आई तुला नाही कळत. तो म्हणाला, चालेल काकू, मी करून घेईन. मी म्हटलं, तुला चालेल, मला नाही चालत. माझ्या पोरीची वस्तू अर्धवट म्हणून कोणाच्या दारात जाणार नाही, पुढच्या रविवारी ये. गेला बिचारा चहा पिऊन.

मग मी नाक्यावरच्या निलेशला धरून आणला. तोच तो, मेकॅनिक कमी आणि मोबाइल बघणारा जास्त. त्याने पहिल्याने आणला डिस्कब्रेकचा स्विच, जो ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालतो. मी म्हटलं, मेल्या, हिला पुढेमागे दोन्हीकडे ड्रमब्रेक आहेत, तेल कुठून आणू, डोक्याला लावायचं देऊ? गेला परत आणि खेचायचा स्विच घेऊन आला. पायाचा ब्रेक खाली गेला की स्प्रिंग स्विचला ओढते, दिवा लागतो, एवढंच असतं ते. स्विच त्याने पाइपाला पट्टा आवळून बसवला. पण तू पायाचा ब्रेक सरकवून ठेवलायस भलतीकडे, स्विचची स्प्रिंग तिथवर पोचेना. त्याने पेनातली काढून लावली, ती एका दाबात शेवयांसारखी सरळ झाली. निलेश म्हणतो, मावशी, जाऊ दे, विकायचीच आहे ना. माझं डोकं सटकलं. वर गेले, उंदराचा पिंजरा आणला, दाराची स्प्रिंग पक्कडीने काढली आणि त्याच्या हातात दिली. बरोब्बर बसली.

पिंजरा गंगुबाईचा होता हे नंतर लक्षात आलं. ती भांडायला खाली आली, माझ्या घरात उंदीर नाचतील म्हणून. तिला मी गाडीच्या मागे स्टूल टाकून बसवलं आणि दिव्याकडे बघायला सांगितलं. मग काय, निवडणुकीचा निकाल सांगावा तशी ओरडत बसली, लागला, गेला, लागला. भांडण विसरली. घरी जाताना मात्र म्हणाली, नवा पिंजरा पाहिजे, आणि श्रेयाला विचारलंय सांग.

दिवा लागला तो विझेचना. स्प्रिंग जास्त ताणली गेली होती, पण हे शिवडीच्या गोदीकडच्या रस्त्यावर जाईपर्यंत कळलं नाही. टेम्पोवाला बाजूला येऊन म्हणाला, मावशी, ब्रेकवरचा पाय काढा, मागे लाइट पेटलीय. पाय तर उचललेलाच होता. घरी आल्यावर निलेशने स्विचचा नट फिरवून स्प्रिंग सैल केली. आता पाय टेकला की लागतो, उचलला की जातो.

हो, मावशी म्हणजे मीच. निलेशने शिकवलं, गोदीच्या रिकाम्या रस्त्यावर. दोनदा पडले, तुझ्या बाबांना एकदाचंच सांगितलंय. लायसन्स झालंय, फोटोत मी चिडलेली आहे. तू पुण्याला गेल्यावर जिन्याखाली सगळं गप्प झालं, म्हणून एकदा नुसता आवाज ऐकायला मी गाडीला किक मारली. मग रोज मारायला लागले. मग वाटलं, उभ्या उभ्या पेट्रोल का जाळायचं. यंदा गुढीपाडव्याला गिरगावात नऊवारी नेसून, फेटा बांधून बायका मोटरसायकली काढतात ना, त्यात मी नाव दिलंय. गाड्या एकीला एक चिकटून, हळूहळू चालतात, म्हणून रांग लावणारी नम्रता म्हणाली, ब्रेकचा दिवा नसेल तर मागची तुमच्यावर आदळेल, रांगेत घेणार नाही. दिवा लावला तो त्यासाठी. अनिशचं नुसतं निमित्त झालं. तर आता सरळ मागते, गाडी विकू नकोस, मला दे. आणि पाडव्याला ये, माझ्या मागे बस, म्हणजे लोकांना दाखवता येईल ही कोणी बांधलीय. अनिश रविवारी सकाळी येणार आहे. मला शुक्रवार संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळव. बघू म्हणालीस तर मी ते हो धरीन.

चावी कंबरेला खोचून बसलेली तुझीच,
आई