नजीराच्या नावाने बोलावलेलं झाड

अल्लाला साक्ष ठेवून मी इमामबी, मरहूम मीरासाब अत्तार यांची बायको, धंदा झाडपाल्याच्या औषधांचं दुकान, राहणार करवीर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दाबाखाली न येता हे मृत्युपत्र लिहवून घेते. दीर लालासाब म्हणतील, म्हातारीला भूतबाधा झाली. म्हणू देत. माझं डोकं त्यांना कधीच ठिकाणावर वाटलं नाही.

घर, दुकान, खलबत्ता आणि तागडी सून रशिदाला. लालासाबांना काही नाही. मीरासाबांचा हुक्का त्यांनी मयतीच्या दिवशीच उचलला, तेवढा त्यांना लखलाभ.

माझ्या चांदीच्या बांगड्या नात नजीराला. तिच्यासाठी एक अट आहे, ती कळायला हकीकत सांगते.

मागल्या पावसाळ्यानंतर युनिव्हर्सिटीच्या कामाला पुण्याच्या कॉलेजातले एक प्रोफेसर आले. या मुलखातल्या तापावर इथलीच मुळी शोधायची होती. काम चांगलं होतं, म्हणून मी त्यांना गगनबावड्याला नेलं. आमची रीत अशी, की मुळी काढायच्या आदल्या सांजेला झाडापुढे तांदूळ-सुपारी मांडायची, आजाऱ्याचं नाव घ्यायचं आणि सांगायचं, उद्या पहाटे न्यायला येतो. पहाटे कुणी बोलायचं नाही, आणि मुळी त्या आजाऱ्यालाच द्यायची.

तेव्हा घरी नजीरा तापाने पडली होती, म्हणून तिचंच नाव घ्यायचं ठरलं. सांजेला प्रोफेसर झाडाकडे बघून हसत म्हणाले, "चल बाई, नजीराला ताप आहे." ओझ्याला आलेला कृष्णात ओरडला, "सायेब, थट्टंनं नाव घिऊ नगा की!" पहाटे मुळी काढली ती पत्र्याच्या डब्यात घालून साहेब थेट पुण्याला गेले. नजीराचा ताप आपोआप उतरला. मुळी तिच्यापर्यंत पोचलीच नाही.

तेव्हापासून ते झाड तिला शोधतंय. आधी परसात उगवलं, मग उंबऱ्याशी, मग तिच्या खाटेखाली. उपटलं की दुसऱ्या दिवशी हजर. पोरीला आजोळी इचलकरंजीला धाडली, तर तिथली जमीन फोडून कोंब वर आला, म्हणून परत आणली. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

आज दिवेलागणीला नजीराच्या उशाशी तांदूळ-सुपारी मांडलेली दिसली. घरातल्या कुणी मांडली नाही. सुपारीला गगनबावड्याची तांबडी माती होती. आमच्या परसात काळी माती आहे.

मी ती उचलून माझ्या उशाशी मांडली. नजीराची गोधडी पांघरून माझ्या खाटेवर पडले आहे आणि झाडाला सांगून ठेवलंय, "नजीरा म्हणशील तर मीच."

तरी अट अशी: पहाटे काहीही ऐकू आलं तरी नजीराने तोंड उघडू नये, मला हाक मारू नये. बाळे, तुझ्यावर माझा फार जीव आहे. रडायचं ते ऊन वर आल्यावर रड.

मुक्काम करवीर, मार्गशीर्ष, सन १९१२.

साक्षीदार: कृष्णात ज्ञानू पाटील, सही. सुपारी डोळ्यांनी पाहिली.
साक्षीदार: जोतीराम बाळासो माळी, सही.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, इमामबी मीरासाब अत्तार.

लिहिणार आण्णा कुलकर्णी. बाईंच्या अंगठ्याला शाई मी काळी लावली होती. उठला तो तांबडा.