बाबांचं पान आणि तीन फावडी माती

प्रिय आणि (वयाने, आवाजाने व हक्काने) मोठ्या ताईस,

धाकट्याचा शालोम आणि नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलं असताना तू गच्चीवर कपडे वाळत घालायला जातेस, असं तुझ्या सुनेने फोनवर सांगितलं. (तिला बोलू नकोस. तुझ्या घरातली माझी ती एकुलती एक बातमीदार आहे.) इकडे आम्ही दोघं ठीक. रक्तदाब मोजायचं यंत्र बिघडल्यापासून तुझ्या भावजयीचा रक्तदाब उत्तम आहे. माझं म्हणशील तर दातांखेरीज सगळं जागच्या जागी आहे.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. तिन्हींत प्रश्न तेच दोन, की बाबांवर लिहून पाठवलेल्या अकरा पानांचं काय झालं आणि त्यातलं मला नेमकं काय आवडलं. पहिल्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. पानं सुखरूप आहेत. इतक्या सुरक्षित जागी आहेत की तिथून ती कुणी पळवणार नाही की चाळवणार नाही. दुसऱ्याचं उत्तर खाली येईलच. मात्र त्याआधी पुस्तकाची सगळी हकीकत तुला कळायला हवी, कारण ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्यापर्यंत गेली तर तिला उगाच वेगळं वळण लागेल.

तर आपल्या यहुदी मंडळाने ठरवलं की समाजातल्या लाडक्या वडीलधाऱ्यांची चरित्रं लिहून काढायची. त्यांना ओळखणारे आपण स्वतःच चरित्रात जाऊन बसण्याआधी. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी स्मरणाची सभा आहे, त्या दिवशी पुस्तक हातात यायला हवं, आणि त्यासाठी वीस तारखेला मजकूर छापखान्यात. संपादक कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा माझं नाव कुणीच सुचवलं नाही म्हणून मी सुचवलं. खोटा विनय मला जमत नाही. चौतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली, डोळ्यांखालून लाखभर पानं गेली, त्यातलं एक कधी हरवलं नाही. हे वाक्य मी सभेतही म्हटलं होतं. सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात लिहून ठेवलंय आणि हल्ली मला ते पुन्हापुन्हा वाचून दाखवतात.

तेवीस घरांतून मजकूर आला. मी तो ट्यूबलाइटच्या एका लांबट खोक्यात घातला, ओल लागू नये म्हणून पांढऱ्या कापडात गुंडाळला, सुतळीने बांधला आणि प्रार्थनाघराच्या ऑफिसातल्या कपाटावर ठेवून दिला. वर नाव-गाव काही लिहिलं नाही, कारण आत काय आहे हे मला ठाऊक होतं. (चिठ्ठ्या त्यांनी चिकटवाव्यात ज्यांना विसरायची सवय असते.) सगळ्यात वर, उघड्या खोक्यात कापडाच्या लगेच खाली, तुझं पाकीट. पाकीट सुखरूप पोचावं म्हणून तू त्याच्या पाठीवर हिब्रूत देवाचं नाव लिहिलं होतंस, तेही आडवळणाने नाही, अख्खं, सुवाच्य अक्षरात. तीस वर्षं मुलांना हिब्रू शिकवलेल्या बाईचं अक्षर ते. कुणाचीही नजर जाईल असं.

नजर गेली किल्लीकाकांची. आपले राखणदार ग, कमरेला अठरा किल्ल्या असतात ते. आता ऐंशीचे झाले, पण कामाला अजून तसेच काटेकोर. देवाचं नाव असलेला कागद आपण रद्दीत घालत नाही, हे तुला मी सांगायला नको. झिजलेली प्रार्थनेची पुस्तकं साठवायची आणि चार-पाच वर्षांनी ढीग झाला की माणसासारखी दफनभूमीत नेऊन पुरायची. यंदा ते वर्ष होतं. काका कपाटावरून हात फिरवत असताना त्यांना पांढऱ्या कापडातलं खोकं लागलं, कापड जरा सरकवलं तर वरच देवाचं नाव. त्यांनी कापड होतं तसं नीट केलं आणि खोकं आदराने त्या ढिगात नेऊन ठेवलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आता मी कुठे होतो ते ऐक. मी त्याच ऑफिसात, पाच हातांवर, पाठ करून बसलो होतो आणि पुस्तकाची प्रस्तावना लिहीत होतो. 'ही पाने आम्ही जिवापाड जपली आहेत' हे वाक्य नुकतंच उतरलं होतं. तेवढ्यात सेक्रेटरी आले. दफनाच्या वेळच्या प्रार्थनेला दहा जण लागतात, नऊ जमले होते, मी दहावा. लेखणी ठेवली, चपला घातल्या, निघालो. हातगाडीवर खोकी चढवताना एक मी स्वतः उचललं आणि (हे मला आजही स्पष्ट आठवतं) म्हणालो की काय वजन आहे बघा, आपल्या म्हाताऱ्यांनी केवढं वाचलं असेल. लोकांनी माना डोलावल्या. खड्ड्याशी पोचल्यावर कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं निघालं, आणि बोलणारा माझ्यावाचून दुसरा कोण? मी म्हटलं की या कागदांनी आपलं काम केलं आहे, आता त्यांना कुणी त्रास देऊ नये. मग तीन फावडी माती टाकली. भरभरून टाकली, ताई. येताना बाबांच्या कबरीवर ठेवतो तसा एक खडा त्या मातीवरही ठेवून आलो आणि घरी येऊन छान झोप काढली.

दोन दिवसांनी खोकं हवं झालं. कपाटावर नाही, कपाटात नाही, कपाटाखाली नाही. आधी मला झाडणाऱ्या बाईंचा संशय आला, मग सुताराचा, मग काही काळ सेक्रेटरींचा. तो मी बोलूनही दाखवला, ते जरा चुकलंच. शेवटी किल्लीकाकांना विचारलं. ते म्हणाले, पांढऱ्या कापडातलं लांबट खोकं ना? मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “पण बाळ, माती तर तूच टाकलीस.”

माझी पाचावर धारण बसली. खाली बसलो, पाणी प्यायलो आणि पहिला विचार आला तो तुझा. उकरायचं का यावर मंडळाची तातडीची बैठक झाली. प्रार्थना सांगणाऱ्या काकांनी अर्धा तास डोळे मिटून विचार केला आणि सांगितलं की स्पष्ट मनाई कुठे आठवत नाही, पण शोभणार नाही. एकदा उकरायचा पायंडा पडला की लोक उद्या माणसांसाठीही अर्ज देतील. शिवाय 'आता त्यांना कुणी त्रास देऊ नये' हे माझं वाक्य सेक्रेटरींनी याही वेळी टिपून घेतलं होतं. मी हात टेकले.

मग माझ्यापुढे एकच रस्ता उरला. तुझं सोडून बावीस घरांचे जिने. घरोघर जाऊन सांगायचं की तुमच्या वडिलांना मी दुसऱ्यांदा पुरलं आहे. काय काय ऐकलं ते विचारू नकोस. पण गंमत सांगतो. पहिल्या वेळी लोकांनी जे लिहून दिलं होतं ते मी वाचलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर सगळे म्हातारे एकाच साच्यातून काढल्यासारखे होते. शांत, मनमिळाऊ, परोपकारी, सर्वांना हवेहवेसे. बावीस माणसं आणि स्वभाव एक. आता मात्र लोक माझ्यावर चिडलेले होते, आणि चिडलेल्या माणसाला चांगलं-चांगलं बोलायला सुचत नाही. गणिताच्या मास्तरांची मुलगी दारातच कडाडली की तिच्या वडिलांना मी असा सहज हरवू शकत नाही, ज्या माणसाने प्रार्थनाघरातली खिडकीजवळची जागा सुटू नये म्हणून चाळीस वर्षं बहिरेपणाचं सोंग केलं त्याला कोण हरवणार? मी म्हटलं, हे लिहून घेऊ का? ती हसली, मग आत बोलावून तिने दोन तास सांगितलं. नर्सबाईंच्या नातवाकडून कळलं की मंडळात वाद पेटला की त्या उठून समोरच्या पन्नाशीच्या गृहस्थाला म्हणायच्या, “तू उलटा आला होतास, मी सरळ केला, आता खाली बस.” वाद तिथेच मिटायचा. सायकलवाले दोघे भाऊ एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, पण दहाची संख्या त्यांच्यावाचून भरत नाही म्हणून रोज शेजारी-शेजारी उभे राहायचे आणि एकाला शिंक आली तर दुसरा त्याच्याकडे न बघता रुमाल पुढे करायचा. असं एकही वाक्य खोक्यात नव्हतं, ताई. जे पुरलं गेलं ते पुरण्याच्याच लायकीचं होतं, असं मी आता छातीठोकपणे म्हणतो. (घराघरांत नाही म्हणत. तुला म्हणतो.)

बावीस म्हातारे असे परत आले आहेत आणि पहिल्यापेक्षा कितीतरी धडधाकट आले आहेत. पुस्तक झकास होणार यात मला तिळमात्र शंका नाही. तू सभेला यायचंच आहेस; गुडघ्यासाठी पुढच्या रांगेतली हाताची खुर्ची मी सांगून ठेवली आहे.

तुझ्या घरच्या सगळ्यांना आशीर्वाद, सुनेला दोन जास्त. कळावे, लोभ आहेच, तो हे पत्र पुरतं वाचून होईपर्यंत तरी असू द्यावा.

तुझाच,
धाकटा

त. क. वर बावीस लिहिलंय. तेविसावे बाबा. तू मोजशील म्हणून आधीच सांगतो.

त. क. २. तुझी पानं मी वाचली नव्हती. 'वाचलं, डोळ्यांत पाणी आलं' असं मी कळवलं होतं ते खोटं. पाकीट मी उघडलंच नाही, बंदच्या बंद ते मातीत गेलं. वेळ नव्हता म्हणून नाही. मला भीती वाटली. बाबांचं शिवणाचं दुकान सोडून मी छापखान्यात गेलो तेव्हा बाबा म्हणाले होते की दुसऱ्याच्या चुका काढायला चाललास, जा. आणि त्यानंतर नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांच्या उशाशी तू होतीस. तुझा निरोप आला तेव्हा मी म्हटलं की हातातलं मुद्रित संपवून निघतो, आणि एक दिवस उशिरा पोचलो. ते माझ्याबद्दल काय बोलले असतील ते त्या पाकिटात असेल असं मला वाटत होतं. म्हणून मी ते सगळ्यात वर ठेवलं होतं, आणि रोज सुतळी सोडून त्याच्याखालचंच काढून वाचत होतो.

त. क. ३. परवा किल्लीकाकांबरोबर दफनभूमीच्या बाकावर बसलो होतो. त्यांना वाईट वाटत होतं, मलाही. ते बोलता-बोलता म्हणाले, “तुझ्या छापखान्यातून निघालेला एकही कागद तुझे बाबा सोडत नव्हते. कॅलेंडर, शाळेची पुस्तकं, लग्नपत्रिका, काहीही. दुकानात खडू घेऊन चूक शोधत बसायचे. मग गिऱ्हाइकाला दाखवायचे, बघा, एक सापडत नाही, मुलगा माझ्यावर गेलाय.” पण ताई, चूक होती. तिसऱ्या वर्षीच्या कॅलेंडरात एका महिन्याचा शेवटचा दिवस माझ्या नजरेतून सुटला होता, एकतीसचा महिना तीसवरच संपवला होता. जन्मभर माप घेणाऱ्या माणसाला एक दिवस कमी भरल्याचं कळलं नसेल, हे मी मानायला तयार नाही. त्यांना ती दिसली होती. त्यांनी ती कुणाला दाखवली नाही, एवढंच.

त. क. ४. तेव्हा आता मुद्द्याचं. ती अकरा पानं पुन्हा लिहून पाठव. वीस तारखेच्या आत. चांगलं-चांगलं लिहू नकोस, होतं तसं लिही. शेवटच्या आठवड्यात ते माझ्याबद्दल काही बोलले असतील तर लिही, वाईट असलं तरी लिही, नसतील बोलले तर तेही लिही. या वेळी उघडीन. आणि तेवढं पाकिटावर देवाचं नाव नको ग. फक्त माझा पत्ता घाल.