पोलादी पंजाचा माऊस

४ जानेवारी, रविवार

आजपासून रोज लिहायचं. व्हिडिओत एक मोठा खेळाडू सांगत होता की रोजच्या खेळाची नोंद ठेवली की माणूस आपोआप वर जातो. आठवीत शाळा सोडल्यापासून मी सहीशिवाय काही लिहिलेलं नाही. पण वर तर जायचंय.

नोंद: आज सगळे गेम हरलो. कारण, माऊस.

माऊस पैलवानचा. पैलवान म्हणजे माझा रूममेट, वजनाने माझ्या निम्मा, आमच्याच कारखान्यात पॅकिंगला असतो. कॉम्प्युटरही त्याचाच, जुने पार्ट गोळा करून जोडलेला. टीम मात्र माझी. नाव मी ठेवलं, ‘पोलादी पंजा’. कॅप्टनही मीच. एक फेब्रुवारीला ऑनलाइन निवड-सामना आहे. जिंकलो तर मोठ्या स्पर्धेत घेणार, आणि तिथे चमकलो तर नुसतं खेळायचा पगार. मग मी फोरमनच्या हातात ग्राइंडर ठेवणार आणि म्हणणार, साहेब, आता तुम्ही घासा. वाक्य पाठ करून ठेवलंय.

ठराव: नवा गेमिंग माऊस. वायरलेस, कारण वायर पैलवानच्या उशीखाली अडकते. बॅटरी लांब चालणारी, कारण खोलीत प्लगची एकच पट्टी आणि तिच्यावर कॉम्प्युटर, स्क्रीन आणि हीटर आधीच बसलेत. आणि टिकाऊ. टिकाऊ सगळ्यात महत्त्वाचं.

६ जानेवारी

ड्यूटी. ओतून आलेल्या लोखंडी पार्टच्या कडा ग्राइंडरने घासून गुळगुळीत करायच्या, एवढंच काम. मशीन धरलं की दातापर्यंत थरथर जाते. सुटल्यावर बोटांना मुंग्या. चांगलं लक्षण. रक्त फिरतंय.

चहाच्या सुट्टीत काका दोन्ही तळव्यांत कप धरून पीत होते, लहान मुलं दूध पितात तसे. काका आमच्या लाइनीतले सगळ्यात जुने. थंडी वाजते का विचारलं. वाजते म्हणाले. हा माणूस उन्हाळ्यातही असाच पितो. काहींना कप धरायचीसुद्धा शिस्त नसते.

घरी येऊन खेळलो. नेम धरला की स्क्रीनवरचा बाण थरथरतो. पैलवान म्हणतो त्याच्या हातात थरथरत नाही. त्याच्या हातात जोर कुठाय थरथरायला.

८ जानेवारी

दोन दिवस अभ्यास करतोय. खेळलो नाही. आधी माऊस, मग खेळ. एक माणूस व्हिडिओत माऊस आपटतो, पाण्यात बुडवतो, वर उभा राहतो. दुसरा फक्त बॅटरी मोजतो, माऊस चालू करून स्वतः झोपतो. मला दुसऱ्याचं काम जास्त आवडलं.

एका डब्यावर कोट्यवधी क्लिकची गॅरंटी होती. तेवढ्या क्लिक करायला माणूस कुठून आणतात कोण जाणे.

११ जानेवारी, रविवार

दुकानात गेलो. दुकानदार जाड चष्म्याचा, बोलायला गोड. टिकाऊ दाखवा म्हटल्यावर त्याने काचेवर माऊसची रांगच लावली. मी एकेक हातात घेऊन जाणकारासारखा फिरवून बघत होतो. तेवढ्यात एक सटकला आणि खाली पडला. दुकानदार बघायला लागला. मी शांतपणे म्हटलं, टेस्ट करतोय. थोड्या वेळाने दुसराही सटकला. त्यावर त्याने बाकीचे आपल्या बाजूला ओढून घेतले. जाणकार गिऱ्हाईक आलं की दुकानदार सावध होतो.

दुसऱ्याचा कोपरा उडाला होता. तो मलाच घ्यावा लागेल म्हणाला. निवड अशी झाली. तरी इतका पडूनही चालतो, म्हणजे टिकाऊ आहे.

१४ जानेवारी

माऊस खराब निघाला. बटण दाबलं तरी क्लिक लागत नाही. कधी न दाबता लागते. काल मी शत्रूला सोडून आपल्याच माणसाला गोळी घातली. तो रात्रभर ग्रुपवर माझ्या आईचा उद्धार करत होता.

दुकानात परत नेला. दुकानदाराने लावून बघितला, टकाटक चालला. दुकानात गेल्यावर सगळी यंत्रं सरळ वागतात, हा माझा जुना अनुभव. शेवटी वर पैसे टाकून मोठा घेतला. काळा, जड, एकदा चार्ज केला की महिनाभर चालणार असं डब्यावर छापलंय. कोपरे शाबूत. हा घेताना दुकानदाराने तो स्वतःच डब्यात भरला, माझ्या हातात दिला नाही. सेवा म्हणतात ती अशी.

१५ जानेवारी

ताईचा व्हिडिओ कॉल. आई गेल्यावर ताईनेच मला मोठं केलं. शिलाई करते. त्यामुळे तिचं लक्ष आधी कपड्यावर जातं, माणसावर नंतर. गळ्याचं बटण का उघडं, म्हणाली. मी म्हटलं स्टाइल आहे. खरं तर सकाळी बटण काजात जातच नव्हतं. हल्ली शर्टच भिकार शिवतात, पण हे ताईसमोर कसं बोलणार.

मग ती म्हणाली, “हात दाखव. दोन्ही.”

दाखवले. उजव्याची बोटं पांढरी का दिसतात, म्हणाली. मी म्हटलं कॅमेरा स्वस्तातला आहे. डावा हात त्याच कॅमेऱ्यात बरा दिसतोय की, म्हणाली. ताईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. डॉक्टरला दाखवतो म्हणून कबूल केलं. सामना झाल्यावर दाखवीन.

१९ जानेवारी

नवा माऊसही सटकतो. दोष सापडला: कंपनीने बाजू फार गुळगुळीत केलीय. माझ्यासारखा कोणी त्यांच्याकडे कामाला असणार, गरजेपेक्षा जास्त घासणारा.

आपल्या हातात कला असताना रडायचं कशाला. माऊस डब्यात घालून कामावर नेला. जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडरला बारीक चाक लावलं आणि अंगठ्याच्या बाजूला चर पाडले. झकास पकड आली. एक चर जरा खोल गेला, आतलं हिरवं काहीतरी दिसतं. चालतो पण. वॉरंटी गेली असं पैलवान म्हणाला. वॉरंटी भित्र्यांसाठी असते.

काकांनी बघितलं. हसले नाहीत. माऊस हातात घेऊन चरांवरून अंगठा फिरवला, मग गालाला लावून बघितला. माणूस विचित्रच. गालाने काय कळतं.

२५ जानेवारी, रविवार

सरावाचा सामना. माझा एकही नेम लागला नाही. वैतागून उठलो तेव्हा पैलवान माझा माऊस घेऊन खेळायला बसला आणि त्याने समोरची अख्खी टीम झोपवली. पोरं त्याला ग्रुपवर ‘वस्ताद’ म्हणायला लागली.

म्हणजे माऊस चांगला आहे. माझीच निवड. फक्त फितूर झालाय. माझ्यामागे पैलवान गुपचूप वापरत असणार, त्याच्या हाताची सवय लागली असणार. उद्यापासून माऊस माझ्या उशाखाली.

बॅटरी: भरपूर.

२८ जानेवारी

फोरमनने बोलावलं. माझे पार्ट परत यायला लागलेत. कुठे कड राहिलेली, कुठे खड्डाच पडलेला. मी सांगितलं, ग्राइंडर खराब आहे, हातात राहत नाही. त्याने कुरकुरत दुसरा दिला. तोही तसलाच. या कारखान्यात खरेदी कोण करतं देव जाणे.

चहाला काका शेजारी येऊन बसले. एरवी बोलत नाहीत. आज म्हणाले, “मलाही आधी ग्राइंडरच खराब वाटायचा. तीन बदलून घेतले होते मी.”

म्हणजे बघा, तेव्हापासून हीच परिस्थिती. तीन-तीन मशीनं खराब येतात आणि कुणी तक्रार करत नाही. मी काकांना म्हटलं, आपण दोघांनी मिळून लेखी द्यायला पाहिजे. काकांनी कप दोन्ही तळव्यांनी उचलून संपवला. मग उठून गेले. भित्रे आहेत.

चहाचा कप मी आज दोन्ही हातांनी धरला. ऊब चांगली लागते. नुसती सोय म्हणून.

१ फेब्रुवारी, रविवार

सामना.

सकाळपासून कडाक्याची थंडी. बोटं खडूसारखी झालेली, बटणावर आहेत की नाहीत हे बघूनच कळत होतं. मी पहिल्याच फेरीत मेलो. दुसरी फेरी सुरू व्हायच्या आत हात गरम करून घ्यावा म्हणून हीटरजवळ धरला, डोळे स्क्रीनवर. कॅप्टनचं लक्ष हलता कामा नये.

कसला तरी वास आला. मला वाटलं कॉम्प्युटर जळतोय. मी पैलवानला ओरडून सांगितलं, बंद कर, तुझा कॉम्प्युटर जळतोय. पैलवानने माझ्याकडे बघितलं आणि माझं मनगट धरून खसकन मागे ओढलं. दोन बोटं हीटरच्या दांडीला टेकलेली होती. दुखलं मात्र अजिबात नाही. माझी सहनशक्ती पहिल्यापासून दांडगी.

पैलवानने माझा हात बादलीत घातला आणि माझ्या जागी बसला. बादलीत हात घालून मी मागून सूचना देत होतो. त्याने हेडफोन लावला होता.

पोलादी पंजा जिंकला. निवड झाली. माझ्या टीमची, माझ्या माऊसवर.

रात्री पैलवान मलम लावत बसला. म्हणाला, दादा, हे बरोबर नाही. एरवी मला अरे-तुरे करतो. जिंकल्यावर माणूस नम्र होतो.

३ फेब्रुवारी

फोड बघून फोरमनने कारखान्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. सोबत काकांना दिलं. दारापर्यंत आले आणि थांबले. म्हणाले, माझ्या कपाचं आत काही बोलू नकोस. मला काय पडलंय त्यांच्या कपाचं.

डॉक्टरीणबाई बऱ्या आहेत. त्यांनी एक परीक्षा घेतली. डोळे मिटायचे, त्या बोटांना सुई लावणार, कुठल्या बोटाला लागली ते सांगायचं. मी पटापट सांगितलं, अंगठा, मधलं, करंगळी. गेमरचा रिअ‍ॅक्शन टाइम आहे शेवटी. बाई म्हणाल्या, मी अजून सुरुवात केलेली नाही.

मग केली म्हणे. त्या वेळी मी गप्प होतो.

मी त्यांना माऊसची सगळी हकीकत सांगितली. बाण थरथरणं, क्लिक न लागणं, सटकणं. त्यांनी मध्ये न तोडता ऐकून घेतलं. असं कुणी ऐकत नाही. मग म्हणाल्या, “गेलेली बोटं परत येत नाहीत. राहिलीत तेवढी सांभाळ. मशीनला पुन्हा हात लावायचा नाही.”

मी विचारलं, माऊस मशीनमध्ये धरतात का. त्या लिहीत होत्या. ऐकू आलं नसावं.

५ फेब्रुवारी

फोरमनने हिशेब केला. ग्राइंडरवर नाही तर तुला ठेवू कुठे, म्हणाला. पॅकिंगला गाठी मारता येतात का ते बघू म्हणून दोरी दिली. मारल्या. दोरी निसरडी होती.

ग्राइंडर त्याच्या टेबलावर ठेवला. तेच वाक्य म्हणायची वेळ होती. साहेब, आता तुम्ही घासा. तोंडाशी आलं होतं. मग म्हटलं, साहेब, चाक नवीन आहे, घालवू नका.

गेटपर्यंत काका आले. बॅगेची चेन माझ्याकडून लागेना. ते लावायला वाकले, त्यांच्याकडूनही लागेना. दोघं बॅगेवर वाकून चेनशी झगडत होतो. शेवटी वॉचमनने लावली आणि म्हणाला, दोघं मिळून एक चेन लावता येत नाही आणि म्हणे पोलादाचं काम करतात. काका हसले. मीही हसलो. चेन भिकार होती.

पैलवानला कॅप्टन केलं. तात्पुरता. माऊस ठेवून जा म्हणाला नाही, त्याने आपला जुना वायरवाला पुन्हा जोडला. तो तसाच, मागासलेला.

२२ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे.

अक्षर वाकडं आहे कारण डाव्या हाताने लिहितोय. नवीन कौशल्य शिकतोय म्हणून एवढे दिवस खंड पडला.

पोलादी पंजा पहिल्या फेरीतून पुढे गेला असं पैलवानने कळवलं. वायरवाल्या माऊसवर. नशीब असतं एकेकाचं. मी त्याला बऱ्याच सूचना पाठवल्या. त्याने अंगठा पाठवला.

ताईने खिडकीजवळ, शिलाई मशीनच्या बाजूला माझी जागा केलीय. ती काजं करते, मी बघतो. सुईत दोरा ओवून देऊ का म्हटलं तर नको म्हणाली, राहू दे, मला सवय आहे. कॉम्प्युटर इथे नाही. तो नंतर. आधी माऊस नीट करायचा.

विचार करून मुद्दा लक्षात आला. मी इतके दिवस चुकीच्या हाताने खेळत होतो. डाव्याने खेळलो असतो तर निवड माझी होती. माऊस डाव्या हातात धरून बघितला. पडला नाही. एकच अडचण, चर उजव्या अंगठ्यासाठी पाडलेत, ते डाव्या हाताच्या करंगळीला बोचतात. आणि डावा अंगठा येतो ती बाजू कोरी. तिथे चर पाडले की काम झालं. अर्ध्या तासाचं काम.

ताईला विचारलं, इथे आसपास कुणाकडे ग्राइंडर मिळेल का.

तिने मशीन थांबवलं. उठून आली, माझ्या शर्टाचं गळ्याचं बटण लावलं आणि आत गेली.

बॅटरी अजून भरपूर आहे.